बांधावरचा पळस

आमच्या रानाच्या पूर्वेच्या बांधावर पळसाची तीन झाडं आहेत. माघ सरत आला की त्यांची पानं गळून जातात आणि वाकड्यातिकड्या फांद्यांवर काळपट, मखमली कळ्यांचे घोस दिसायला लागतात. त्या कळ्या बघून कुणाला वाटणार नाही की यातून असला रंग निघेल. आठ-पंधरा दिवस जातात आणि एका सकाळी लांबून रस्त्यावरूनच दिसतं, बांध पेटलाय. संस्कृतात या फुलाला किंशुक म्हणतात, म्हणजे 'हा पोपट तर नव्हे?' पाकळीचा बाक खरंच पोपटाच्या चोचीसारखा असतो. वास मात्र नाही. साळुंक्या, बुलबुल, शिंजीर यांना वासाशी काही देणंघेणं नसतं, ते मधासाठी दिवसभर तिथंच पडून असतात.

लहानपणी या झाडांकडं आम्ही 'बघायला' म्हणून कधी गेलो नाही. पळस कामाचा होता. पावसाळ्यात पानं आली की आई पत्रावळी टाचायची, वाळवून माळवदाखालच्या फळीवर गठ्ठे ठेवायची. लग्नाकार्यात तेच कामाला यायचे. फुलं पडली की रंगपंचमीच्या आदल्या दिवशी ती हंड्यात उकळायची, त्यात चिमूटभर चुना टाकला की रंग उठायचा. बी जंतांवर. मुळ्या कुटून दोर. 'किती सुंदर' असं आईच्या तोंडून मी कधी ऐकलं नाही. पण एकदा ती बोलली होती. 1972 च्या दुष्काळाबद्दल सांगत होती, खडी फोडायला जायची त्या दिवसांबद्दल. सुकडी मिळायची, ती पदरात बांधून घरी आणायची. ते सगळं सांगून झाल्यावर म्हणाली, ''रानात हिरवं पान न्हवतं बग, आन् ह्यो पळस निस्ता पेटल्यावानी. मला तवा त्येचा राग बी यायचा आन् कामाहून येताना नजर बी तिकडंच जायची.''

हे वाक्य मी पुढं चाळीस वर्षं विसरलो होतो.

मी शिकलो, पुण्यात बँकेत लागलो, रिळाचा कॅमेरा घेतला. एका रिळात छत्तीस फोटो, त्यातले चार-पाच चांगले यायचे. मग डिजिटल कॅमेरा आला आणि फोटोंची मोजदाद संपली. बँकेतले आम्ही सहा-सात जण फोटोचे नादी. श्रावण-भाद्रपदात कासच्या पठारावर जायचो, पोटावर पडून तेरड्याचे फोटो काढायचो. पुढं तिथं एवढी गर्दी व्हायला लागली की रोज किती माणसं आत सोडायची यावर मर्यादा घालावी लागली, आणि त्या गर्दीत आम्हीही होतो हे कबूल केलं पाहिजे. मग मीच एकदा म्हणालो, आमच्या गावाकडं चला, फाल्गुनात पळस दाखवतो. तेव्हापासून दरवर्षी होळीच्या अलीकडंपलीकडं आमची एक फेरी ठरूनच गेली. रात्री पुण्याहून निघायचं, पहाटे कळंबला चहा, उजाडता उजाडता रानात. बायका-पोरं, एखाद्याची सासू, सगळे. वैनी चुलीवर भाकऱ्या टाकायच्या, पिठलं, ठेचा, वांग्याचं भरीत, ताक. येळवशीला गावातली सगळी माणसं जशी रानात जाऊन जेवतात, तशीच ही आमची दुसरी येळवस, असं अण्णा म्हणायचे. अण्णा म्हणजे माझे थोरले बंधू. रान तेच कसतात.

2014 साल. मार्चचा पहिला पंधरवडा. त्या वर्षी गारपिटीनं महाराष्ट्राचे किती जिल्हे झोडपले ते सगळ्यांना आठवत असेल. आमचं जाणं ठरलेलं होतं आणि दोन दिवस आधी गारा पडल्या. अण्णांना फोन केला, येऊ का नको? ते म्हणाले, ''या की. तुमी आल्यानं काय गारा परत पडत न्हाईत.'' मी त्याचा अर्थ 'या' एवढाच घेतला. फोनवर माणसाचा आवाज ऐकू येतो, तोंड दिसत नाही.

पोचलो तेव्हा ऊन तिरपं होतं. पाच एकर ज्वारी, कणसं भरलेली, काढणीला आठ दिवस होते, ती सगळी जमिनीला चिकटलेली. तुम्ही जनावर बसून उठलेली जागा पाहिली असेल, तसं सगळं रान. दाणे काळे पडायला लागले होते. आणि बांधाकडच्या पट्ट्यात, त्या पडलेल्या ज्वारीवर, सरीतल्या साचलेल्या पाण्यावर, पळसाची सगळीच्या सगळी फुलं पडलेली. झाडावर एक नाही. केशरी-तांबडा थर, त्यावर कोवळं ऊन, पाण्यात आभाळ.

मी फोटो काढायला लागलो. खोटं कशाला सांगू, त्या अर्ध्या-पाऊण तासात मला दुसरं काही सुचलं नाही. गुडघे चिखलात, डोळा कॅमेऱ्याला. पडलेली ताटं मध्ये यायची, तेव्हा मी जागा बदलायचो. एक-दोन ताटं तर हातानं बाजूला केली. मित्रही काढत होते, पण जरा लाजत. मी लाजत नव्हतो, रान माझं होतं ना.

मग अण्णा आले. खांद्यावर टॉवेल, पाय गुडघ्यापर्यंत भरलेले. बाजूला उभे राहून बघत होते. थोड्या वेळानं म्हणाले, ''झालं असंल तर त्या वरल्या तुकड्यातला बी एक फोटू काढ. तलाठी यायचाय पंचनाम्याला. असावा जवळ.''

मी वरच्या तुकड्याकडं कॅमेरा वळवला आणि बॅटरी संपली.

चार्जर पुण्यात. गावात दोन दिवस वीज नव्हतीच. मित्रांच्या मोबाइलमध्ये एकानं दोन-तीन फोटो काढले, ते त्याच्याकडंच राहिले. पुढं पंचनामा झाला, ज्याला जे मिळायचं ते मिळालं, माझ्या फोटोवाचून काही अडलं नाही. हे मुद्दाम सांगतो, कारण त्यानं माझी सुटका होईल असं मला पुष्कळ दिवस वाटत होतं.

तो फुलांचा फोटो फार चांगला आला. आमच्या कर्मचाऱ्यांच्या प्रदर्शनात त्याला बक्षीस मिळालं. मोठा करून, चौकट घालून दिवाणखान्यात लावला. येणारा प्रत्येक जण विचारायचा, कुठला हो हा? मी सांगायचो, आमच्या शेतातला.

2016 साली अण्णा मोतीबिंदूच्या ऑपरेशनला पुण्यात आले. डोळ्यावर हिरवी पट्टी, सोफ्यावर बसून असायचे, त्या फोटोच्या बरोबर समोर. धड दिसत नव्हतं तोवर काही बोलले नाहीत. ऑपरेशनला आठवडा झाला, पट्टी कधीच सुटली होती, तेव्हा सकाळी मी पेपर वाचत होतो. ते म्हणाले, ''ह्यो आपला बांध न्हवं?''

''हो.''

''त्या सालचा.''

''हो, गारांच्या.''

ते उठले, जवळ गेले, एक डोळा मिटून बराच वेळ बघत राहिले. मग म्हणाले, ''झ्याक आलाय. ह्येच्या खाली आपली ज्वारी हाय.''

मी म्हणालो, ''दिसत नाही त्यात.''

''न्हाई दिसत,'' ते म्हणाले, आणि आत बघून, ''च्या झाला का गं?''

टोमणा नव्हता. अण्णांना टोमणा मारायचा असता तर तो त्यांनी 2014 सालीच मारला असता, आमच्या घरात उधारी ठेवत नाहीत. त्यांनी जे होतं ते सांगितलं. खाली ज्वारी आहे, आणि ती दिसत नाही.

त्यानंतर मी या गोष्टीचा बराच खल केला, माझ्याशी आणि इतरांशीही. एक मित्र म्हणाला, तू त्या दिवशी धाय मोकलून रडला असतास तरी एक ताट उभं राहिलं नसतं, मग फोटो काढलास तर काय बिघडलं? खरं आहे. फुलं सुंदर होती हेही खरं. दुःखाच्या जागी सुंदर दिसूच नये असा काही नियम नाही, आणि असला तरी डोळे तो पाळत नाहीत. आईचे नव्हते पाळत. खडी फोडून येणाऱ्या बाईची नजर पळसाकडं जाते, तर भरल्या पोटी आलेल्या माझी जाणारच.

शहरातल्या लोकांना वाटतं, शेतकऱ्याला सौंदर्य दिसत नाही, त्याला फक्त पीक दिसतं. गावातल्या लोकांना वाटतं, बिनकामाच्या माणसालाच फुलं दिसतात. मी दोन्हीकडं राहिलोय, दोन्ही चूक आहे. गेल्या काही वर्षांत सगळ्यांनी जेसीबी लावून बांध कोरले, झाडं काढली, तासाला एक सरी वाढवली. अण्णांनी ते तीन पळस ठेवलेत. का ठेवले विचारलं तर म्हणतात, ''ऱ्हाऊ दे, सावली हाय.'' फाल्गुनात पळसाची सावली असते का कधी?

तेव्हा बघण्यात दोष नव्हता. मग खुपतं ते काय?

मयताच्या घरी जावं आणि अंगणात मोगरा फुललेला असावा, असं होतं. वास येतो. आपण नाक दाबून बसत नाही. पण तिथं वाकून ओंजळभर फुलं तोडायला कुणी धजत नाही, निदान घरच्यांना भेटायच्या आधी तरी नाही. मी अण्णांना भेटायच्या आधी ओंजळ भरत होतो. नुसती भरत नव्हतो, ज्वारीची ताटं हातानं सारत होतो. ते सारणं मला आजही हाताला आठवतं. ओली, जड झालेली कणसं होती. कॅमेऱ्याच्या चौकटीत काय ठेवायचं आणि काय काढायचं हे ठरवावंच लागतं, त्याला इलाज नाही. पण मी जे काढलं ते माझ्या भावाचं वर्ष होतं, आणि ते काढताना मला काही काढतोय असं वाटलंच नव्हतं.

इथवर आलो की मला वाटतं, चला, उमगलं. आणि तेवढ्यात वैनींची गोष्ट आठवते आणि गुंता परत होतो.

त्याच दिवशी संध्याकाळी वैनी डोक्यावर टोपलं घेऊन बांधावर गेल्या होत्या. दिवसभर पडलेली ज्वारी उचलून, जी कडब्याला तरी चालेल ती वेगळी काढून, कंबर मोडलेली. तरी गेल्या आणि पडलेली फुलं वेचली. ''पडलीत तर पडलीत, पोरांना रंग व्हईल,'' म्हणाल्या. रंगपंचमीला खरंच त्या वर्षी त्याच फुलांचा रंग केला. म्हणजे त्यांनीही त्या गारांतून काही उचललंच की. मग माझ्या उचलण्यात आणि त्यांच्या उचलण्यात फरक काय? आधी ज्वारी उचलली, मग फुलं, एवढाच? की त्यांचा रंग सगळ्या वाड्यातल्या पोरांच्या अंगावर गेला आणि माझा माझ्या भिंतीवर? मी हे वैनींनाच विचारलं होतं एकदा. त्या हसल्या. ''भावजी, फुलं तर खरीच हुती न्हवं? कशापायी येवढं मनाला लावून घेताव?'' त्यांनी मला माफ केलं की माझा प्रश्नच त्यांना रिकामपणाचा वाटला, हे त्यांच्या हसण्यावरून कळलं नाही.

फोटो मी भिंतीवरून काढला नाही. काढावासा वाटला होता, पण ते म्हणजे ज्वारी दुसऱ्यांदा झाकणं झालं असतं. आता कुणी विचारलं तर सांगतो, गारपिटीच्या सालचा आहे, खाली ज्वारी आहे. ऐकणारा जरा अवघडतो, विषय बदलतो. बदलू दे.

एका पावसाळी सुट्टीत सगळे जुने फोटो संगणकावर लावून बसलो होतो. पळसाच्या सगळ्या वर्षांचे. मित्र आहेत, त्यांच्या बायका, पोरं मोठी होत गेलेली, एका वर्षी कुणाचा तरी कुत्राही. वैनी दोनदा, तेही चुलीच्या धुरात. अण्णा एका फोटोत, कडेला, पाठमोरे, हातात पाण्याची घागर. शेजारी नात बसली होती. तिनं विचारलं, ''मोठे आजोबा फोटोत का नसतात?'' मी म्हणालो, ते कामात असतात. ती म्हणाली, ''मग कामातले काढायचे ना.''

या फाल्गुनात गेलो तेव्हा पळस भरात होता आणि ज्वारी काढून पडली होती, कडब्याच्या पेंढ्या बांधायचं चाललं होतं. मी कॅमेरा पिशवीतून लगेच काढला नाही. आधी अण्णांबरोबर वरच्या तुकड्यापर्यंत जाऊन आलो, ते कणसं चोळून दाणे दाखवत होते, मी बघत होतो. मग सगळ्यांना बांधाखाली उभं केलं आणि म्हणालो, अण्णा, तुम्ही मध्ये या. ते काही येईनात. ''मला कशाला, माझं त्वांड रोजच हितं असतंय. आन हिकडं, म्याच काढतो.'' मी कॅमेरा गळ्यात घातला, कुठलं बटण दाबायचं ते दाखवलं. त्यांनी चार पावलं मागं घेतली, अजून चार घेतली, पार खळ्यापर्यंत गेले, आणि काढला.

मागून बघितला. आम्ही सगळे एका कोपऱ्यात, बोटाएवढे. पळसाचं नुसतं खोड आलंय, फुलं वर कापली गेलीत. बाकी सगळ्या चौकटीत कणसांची रास आणि तिच्यापलीकडं कडब्याची गंजी.

नात म्हणाली, ''आजोबा, फुलंच नाही आली!''

''पीक बरं झालंय औंदा,'' अण्णा कॅमेरा परत देत म्हणाले, ''म्हनलं, दिसू द्यावं.''