रावणाशी इमान

रामनगरच्या रामलीलेत रावण आणि राम एकाच सुरात बोलतात. माइक नसतो, विजेचे दिवे नसतात. पेट्रोमॅक्स आणि मशालींच्या उजेडात प्रत्येक शब्द संथ, लांबवून, मोठ्याने उच्चारायचा, म्हणजे मैदानाच्या टोकाला बसलेल्यालाही ऐकू जावा. रामाचे काम करणारा कोवळ्या आवाजाचा मुलगा तसा बोलतो आणि रावणही तसाच बोलतो. व्यास हातात वही घेऊन शेजारी उभे असतात. एक शब्द इकडचा तिकडे होऊ देत नाहीत.

गेल्या खेपेला माझा भाचा पुण्याहून आला होता. नोकरीनिमित्त मी बरीच वर्षे बनारसमध्ये आहे, पाहुणे आले की गंगेपलीकडे रामनगरला नेतो. लीला अनंत चतुर्दशीला सुरू होते आणि महिनाभर चालते. अयोध्या, जनकपूर, पंचवटी, लंका अशा तिच्या जागा गावभर ठरलेल्या आहेत आणि प्रेक्षक कथेबरोबर चालत जातात. त्या रात्री आम्ही लंकेत होतो. तासाभराने भाचा म्हणाला, "मामा, हा रावण व्हिलन वाटतच नाही रे."

त्याचा रावण वेगळा आहे. अमर चित्रकथेतून सुरू झालेला आणि 'आदिपुरुष'पर्यंत आलेला. ओम राऊत यांच्या या चित्रपटाची झलक २०२२ च्या ऑक्टोबरमध्ये अयोध्येत दाखवली गेली, तेव्हा सैफ अली खानच्या आखूड केसांवरून, दाढीवरून आणि काजळावरून केवढा गदारोळ झाला. हा आमचा रावण नव्हे, असे लोक म्हणाले. त्याआधी २०२० मध्ये याच नटाने एका मुलाखतीत सांगितले होते की आम्ही रावणाची माणूस म्हणून बाजू दाखवू, बहिणीचे नाक कापले गेले म्हणून त्याने केले ते का केले हे समजावू. तेव्हाही गदारोळ झाला आणि त्याला माफी मागावी लागली. म्हणजे रावण समजून घ्यायचा म्हटले तरी चालत नाही आणि राक्षसासारखा दाखवला तरी चालत नाही. मग चालतो कोणता? बहुतेकांच्या मनात १९८७-८८ च्या दूरदर्शन मालिकेतले अरविंद त्रिवेदी असतात. (त्यांना आणि मालिकेतल्या सीतेला १९९१ मध्ये गुजरातच्या मतदारांनी एकाच पक्षातर्फे लोकसभेत पाठवले. तेव्हा कुणाच्या भावना दुखावल्याचे आठवत नाही.)

'आमचा रावण' ही भाषा मला अडचणीची वाटते. ज्या मानसवर रामनगरची लीला उभी आहे, त्या मानसनेच वाल्मीकींचा रावण बदलला आहे. खर-दूषण मारले गेल्याचे कळल्यावर तुलसीदासांचा रावण मनाशी म्हणतो की माझ्याइतक्या बलवानांना देवाशिवाय कोण मारणार. तो खरेच अवतरला असेल तर त्याच्याशी वैर धरून त्याच्या बाणाने तरून जाईन. वाल्मीकींच्या रावणाच्या मनात हे नाही. तिथे तो भोगी आहे, गर्विष्ठ आहे, आणि हनुमान त्याला दरबारात पहिल्यांदा पाहतो तेव्हा थक्क होतो: काय हे रूप, काय हे धैर्य, अधर्म एवढा प्रबळ नसता तर हा देवलोकाचाही रक्षक शोभला असता. दोन महाकवी, दोन रावण. पण दोघांनीही एक गोष्ट राखली. चूक रावणाची स्वतःची ठेवली. त्याला ना ती न कळण्याइतका पशू केला, ना ती दुसऱ्या कुणाची ठरवून त्याची सुटका केली.

कॉमिक्सच्या जगात याच प्रश्नावर चाहते वर्षानुवर्षे भांडत आले आहेत. तिथला जोकर 'द किलिंग जोक'मध्ये आपल्या भूतकाळाचे अनेक पर्याय ठेवतो, कारण एक खरा भूतकाळ दिला की तो लहान होतो. २०१९ च्या चित्रपटाने त्याला आई, आजार आणि अपमान असे सगळे दिले. ते पाहताना कीव आली, भीती मात्र गेली. उलट 'आयर्न मॅन ३'ने २०१३ मध्ये मॅन्डरिन या खलनायकाला चक्क एक दारुडा नट करून टाकले. चाहते चिडले. पण १९६० च्या दशकातला तो मॅन्डरिन म्हणजे पिवळ्या माणसाविषयीची गोऱ्यांची भीती होती. तिच्याशी एकनिष्ठ राहायचे म्हणजे कुणाशी? तिथे बेइमानी हाच सभ्यपणा होता असे मला वाटते.

आता घरचे उदाहरण. राऊतांनी 'आदिपुरुष'च्या आधी २०२० मध्ये 'तान्हाजी' केला होता आणि त्यातला उदेभानही सैफच होता. मगर भाजून खाणारा, एका विधवेला पळवून आणणारा, हसत हसत माणसे मारणारा. इतिहासाचे अभ्यासक नाराज झाले. पण हा उदेभान राऊतांनी हवेतून आणलेला नाही. शाहीर तुलसीदासाच्या पोवाड्यातला उदेभान गाईबकऱ्या फस्त करतो आणि मणाने तांदूळ खातो. पळवून आणलेली कमलकुमारी हरी नारायण आपट्यांच्या 'गड आला पण सिंह गेला'मधली. त्या कादंबरीवरच बाबूराव पेंटरांनी १९२३ मध्ये 'सिंहगड' काढला. म्हणजे चित्रपट मूळ कथेशी बऱ्यापैकी इमान राखून आहे. फक्त ती मूळ कथा पोवाडा आणि कादंबरी आहे, ४ फेब्रुवारी १६७० ची रात्र नव्हे.

त्या रात्रीच्या जवळ जाणारा जुना मराठी आवाज कृष्णाजी अनंत सभासदाचा. १७व्या शतकाच्या अखेरीस, राजाराम महाराजांच्या सांगण्यावरून त्याने जिंजीला बखर लिहिली. मोगलांशी युद्ध अजून चालूच होते. शत्रूला काळे फासायला याहून मोठे निमित्त कुठले? तरी सभासद तानाजी आणि उदेभान या दोघांनाही मोठे योद्धे म्हणतो आणि दोघे एकमेकांवर पडले एवढेच सांगतो. उदेभान त्याच्या लेखी किल्ला राखणारा रजपूत आहे. तो खात काय होता, याची सभासदाला गरज वाटली नाही. ती गरज पुढे कधीतरी पडली, आणि का पडली हा प्रश्न मला चित्रपटापेक्षा मोठा वाटतो. शत्रू जिवंत असताना त्याची किंमत ठाऊक असते. तो नाहीसा झाला की त्याला गाई खाऊ घालाव्या लागतात, असे काहीसे असावे.

रावणाला वारस नाहीत असे धरून चालू. (धरून चालणेही धाडसाचेच, त्याला आपला मानणारी माणसे या देशात आहेत.) उदेभान मात्र खरा माणूस होता. कल्पनेतल्या खलाला बदलताना आपण फार तर एक कथा बिघडवतो. खऱ्या माणसाला बदलताना त्याच्या नावाचे, बोलीचे, मुलखाचे जे कुणी आज आपल्यात असतील त्यांच्या अंगावर ते उडते. मला हे माहीत आहे, कारण आम्ही ते उडवले आहे.

सहावीत आम्ही शिवजयंतीला सिंहगडचा प्रसंग बसवला होता. मी शेलारमामा होतो. उदेभान कोण होणार यावर चर्चासुद्धा झाली नाही. वर्गात एक मारवाडी मुलगा होता, त्याच्या मराठीला हिंदीचा वास होता, झाले. पोवाड्यातली ओळ कुणाच्या तरी डोक्यात होती म्हणून त्याच्यासमोर परात भरून भात ठेवला. तो दोन्ही हातांनी खाऊ लागला आणि सगळी शाळा हसली. मग मी त्याला पुठ्ठ्याच्या तलवारीने मारला. पुढे दहावीपर्यंत त्याचे नाव उदेभान राहिले. डबा उघडला की कुणीतरी म्हणायचेच, मणभर आणलास का रे. तोही हसायचा. वाईट वाटत असेल असे आमच्यापैकी कुणाला वाटले नाही, आणि हसतोय म्हटल्यावर विचारायचे तरी काय.

रामनगरात दसऱ्याच्या दिवशी काशीनरेश हत्तीवरून रणभूमीत येतात आणि रावणवधाच्या आधीच परत फिरतात. राजाने राजाचा वध पाहू नये, असे लोक कारण सांगतात. राम-सीता होणारी मुले बदलत राहतात, कारण आवाज फुटला की त्यांचे काम संपते. रावण मात्र वर्षानुवर्षे तोच असतो. बाण लागल्यावर तो आपली दहा तोंडे उतरवतो, रामाच्या पाया पडतो आणि साधा माणूस होऊन गर्दीतून चालत जातो. पुतळा रात्री जळतो, पण त्या माणसाला कुणी हसत नाही. पाठ केलेले सगळे संवाद त्याने पूर्ण म्हटलेले असतात, आणि लोकांनी ते शेवटपर्यंत ऐकलेले असतात.

नावेतून परत येताना मी भाच्याला त्या परातीची गोष्ट सांगितली. तो थोडा वेळ पाण्याकडे बघत राहिला. मग म्हणाला, "तू त्याला नंतर कधी विचारलंस का?"

"नाही."

"नंबर आहे?"

होता. शाळेच्या ग्रुपवर तो आहे, दर शिवजयंतीला सर्वांच्या आधी शुभेच्छा पाठवतो.