माळकऱ्याने ‘एए’च्या मीटिंगला जावे का?

शंका : लहानपणापासून वडिलांबरोबर वारी केली. दारू सुटावी म्हणून माळेवर हात ठेवून कितीदा तरी शपथ घेतली आणि मोडली. शेवटी माळ काढून देवघरात ठेवली. आता एक गृहस्थ ‘अल्कोहोलिक्स अ‍ॅनॉनिमस’च्या मीटिंगला चला म्हणतात. ती चर्चच्या खोलीत भरते. तिथे जाणे म्हणजे पांडुरंगावरचा भरवसा सोडणे नव्हे का? शिवाय परक्यांपुढे आपली लाज कशी उघडी करायची?
– एक वारकरी, सातारा जिल्हा

समाधान : आधी शरीराचे बोलू. सकाळी हात कापतात म्हणून घोट घ्यावा लागत असेल, तर शपथेच्या भरात दारू एकदम बंद करू नका. पहिल्या दोन-चार दिवसांत झटके येतात, भास होतात, जिवावरही बेतते. किती पिता ते डॉक्टरांना खरे सांगा आणि त्यांच्या देखरेखीखालीच थांबा. मीटिंग त्यानंतरही आहेच.

चर्चचे म्हणाल, तर मीटिंगसाठी मिळेल ती खोली घेतात. कुठे शाळेचा वर्ग, कुठे दवाखान्याची खोली. एए कोणत्याही धर्माशी जोडलेली नाही. तिचा उगम मात्र अमेरिकेतल्या एका ख्रिस्ती प्रार्थनामंडळातून झाला, आणि ती हकिकत तुमच्यासाठीच असावी अशी आहे. अ‍ॅक्रन शहरातले शल्यविशारद डॉ. बॉब स्मिथ दोन-अडीच वर्षे त्या मंडळात जात होते. मनापासून प्रार्थना करायचे आणि तरी प्यायचे. १९३५च्या मे महिन्यात बिल विल्सन धंद्याच्या कामाने त्या गावी आले. त्यांची दारू काही महिन्यांपूर्वीच सुटली होती. काम फसले, पिण्याची ओढ लागली, तेव्हा त्यांनी फोन करकरून आपल्यासारखाच एखादा पिणारा शोधला. भेटले ते डॉ. बॉब. त्या भेटीनंतरही डॉक्टर एकदा घसरले. १० जूनला त्यांनी शेवटचा घोट घेतला. तोच एएचा स्थापनादिन मानतात. त्यांची प्रार्थना आधी खोटी नव्हती. तिच्या जोडीला स्वतः भोगलेला माणूस नव्हता. तुमच्या शपथेविषयीही मला हेच म्हणायचे आहे.

पुढे १९३९ साली त्यांचे पुस्तक निघाले. त्यातल्या बारा पायऱ्या लिहिताना देव न मानणाऱ्या सदस्यांनी आग्रह धरला, म्हणून ज्याला देव जसा समजला तसा त्याने मानावा, अशी मोकळीक ठेवली गेली. १९५७पासून ही चळवळ मुंबईत आहे. तुमचा पांडुरंग तिथे तुमचाच राहील. तुम्ही तर दिंडीतून चालणारे. पाय सुजलेल्याला दोघे-चौघे मधे घेऊन चालतात, तेव्हा त्याची वारी उणी झाली असे कोणी म्हणत नाही.

शपथ आपण जन्मभराची घेतो, आणि तीही एकट्याने. मोडली की शरम येते, आणि शरम गिळायला पुन्हा तीच बाटली. मीटिंगमध्ये फक्त आजचा दिवस न पिण्याचे ठरवतात. मधे घसरलेला परत आला तर त्याला हाकलत नाहीत. फी नाही, आडनाव विचारत नाहीत. दारू सोडण्याची इच्छा एवढीच अट. शेवटी खर्चासाठी पैसे गोळा करतात. नव्याने आलेल्याने काही टाकले नाही तरी चालते. पहिल्या दिवशी बोलायलाच हवे असेही नाही. ऐकलेले बाहेर न्यायचे नाही, हा तिथला दंडक. समोरचा आपलीच गोष्ट सांगू लागला की परकेपणा पुष्कळसा गळतो.

तालुक्याला गट नसेल तर जिल्हा रुग्णालयाच्या मनोविकार विभागात किंवा जवळच्या व्यसनमुक्ती केंद्रात विचारा. १४४४६ या सरकारी हेल्पलाइनवरही चौकशी करता येते. फोनवरून हजर राहता येईल अशाही मीटिंगा भरतात. काही गट मराठीत चालतात, काही हिंदीत, काही इंग्रजीत. एका गटात मन रमले नाही तर दुसरा पाहा. एकाच बैठकीवरून निकाल देऊ नका.

राहिली माळ. ती पुन्हा कधी घालायची ते ज्यांच्या हातून घातली त्या महाराजांना विचारा, काही न लपवता. नामस्मरण मात्र तोवर थांबवू नका. दारू सुटेपर्यंत देवापासून दूर राहायचे, ही शिक्षा तुम्हीच स्वतःला दिली आहे.

शंका : नवरा पिऊन पडला की मी त्याच्या साहेबांना ‘ताप आहे’ म्हणून कळवते. खोटे बोलल्याचे पाप लागते का? आणि दारू त्याची, मग ‘अल-अ‍ॅनॉन’ला मी कशाला जायचे?
– एक गृहिणी, पुणे

समाधान : ताई, संसार वाचवायला बोललात, देव तेवढे जाणतो. पण तो फोन आता त्यांचा त्यांना करू द्या. तुमच्या खोट्यामुळे दारूचा परिणाम त्यांच्यापर्यंत पोचतच नाही. अल-अ‍ॅनॉन पिणाऱ्यांच्या घरच्यांसाठी आहे. बिल यांच्या पत्नी लोइस यांनी १९५१ साली तिच्या उभारणीत पुढाकार घेतला, कारण नवऱ्याची दारू सुटल्यावरही आपल्या मनातला राग आणि धास्ती गेलेली नाही, हे त्यांना जाणवले होते. पुण्यातच अनिल आणि सुनंदा अवचटांनी १९८६ साली सुरू केलेले मुक्तांगण आहे; तिथे घरच्यांशीही बोलतात. तुम्ही जा, नवरा येवो न येवो. आणि तो हात उचलत असेल तर मीटिंगची वाट न पाहता आधी मुलांना घेऊन सुरक्षित जागी जा. त्यात पत्नीधर्म मोडत नाही.