मागच्याचं काय?

आमच्या घरात दोन यामाहा आहेत. एक बाबांची आरएक्स 100, नंबर एमएच-22. दुसरी चुलतभावाची आर15, नंबर एमएच-38. दोन्ही शिरड शहापूरच्याच. नंबर वेगळे, कारण पहिली घेतली तेव्हा हिंगोली जिल्हाच नव्हता. 1 मे 1999 पर्यंत आम्ही परभणीवाले होतो.

बाबा गेल्यापासून त्यांची गाडी माझ्याकडे आहे. मागच्या महिन्यात तिला गिऱ्हाईक आलं. भाव इतका सांगितला की आई गप्पच झाली. तेवढ्यात भाऊ म्हणाला, "वेडा झालास का? असली गाडी पुन्हा होणार नाही." मग ओट्यावर नेहमीचा वाद पेटला. जुनी भारी की नवी?

तुमच्याही गावात हा वाद असणारच. आकडे दोन्हीकडे आहेत. आरएक्स 100 आपल्याकडे 1985 मध्ये आली आणि 1996 मध्ये बंद झाली. 98 सीसीचं इंजिन, 11 अश्वशक्ती, वजन शंभर किलोच्या आसपास. आर15 आली 2008 मध्ये. कार्बोरेटरच्या जागी फ्युएल इंजेक्शन, इंजिन थंड ठेवायला रेडिएटर. 2021 चं चौथं मॉडेल 155 सीसीचं, 18.4 पीएसचं. त्यात एबीएस आहे, आणि मागचं चाक घसरू नये म्हणून ट्रॅक्शन कंट्रोलही.

कागदावर निकाल लागला. मनात लागत नाही. औंढा-वसमत रस्त्यावर पहाटे आरएक्सला किक मारून तिसऱ्या गिअरमध्ये कान पिळला की अंगावर जो काटा येतो, तो मला आर15 वर कधीच आला नाही. आणि ही गाडी उघडायला मिस्त्रीला लॅपटॉप लागत नाही. प्लग काढला, पुसला, लावला, निघालो.

पण हा झटका येतो कुठून, ते बघा. टू-स्ट्रोक इंजिनात क्रँकच्या प्रत्येक फेरीला एक स्फोट होतो. फोर-स्ट्रोकमध्ये दोन फेऱ्यांना एक. म्हणून एवढंसं इंजिन अशी उडी मारतं. मात्र त्यात नवं पेट्रोल आत यायची आणि जळालेला वायू बाहेर जायची वाट काही क्षण एकाच वेळी उघडी राहते. थोडं पेट्रोल न जळताच सायलेन्सरमधून निघून जातं. शिवाय टूटी तेलही सोबत जळतं. तोच तो निळा धूर. म्हणजे जी गोष्ट तिला चपळ करते, तीच तिला घाण करते. गुण ठेवून दोष काढता येत नाही. प्रदूषणाचे नियम कडक होत गेले तसे टू-स्ट्रोक मागे पडले, ते यामुळे.

हे मला पुस्तकातून माहीत होतं. कळलं मात्र आजीमुळे. तिला दमा आहे. मी रोज सकाळी अंगणात गाडी चालू करून दोन मिनिटं तापवायचो. बाबाही तसंच करायचे. एकदा काही विसरलं म्हणून मी परत वळलो, तर आजी पदर तोंडाला लावून भिंतीला टेकलेली. मी म्हटलं, "आजी, सांगायचं ना!" ती म्हणाली, "तुझ्या बापाची आठवण हाय ती. काय सांगू?"

इतकी वर्षं मला ते दिसलं कसं नाही? कारण चालवणाऱ्याला स्वतःचा धूर दिसत नाही. तो नेहमी मागे पडतो.

मग नवी चांगली, असं म्हणून मोकळं व्हावं का? भाऊ आर15 घेऊन आला, त्या आठवड्यात काकूला वसमतला दवाखान्यात न्यायचं होतं. मागची सीट वीतभर आणि उंच. काकू नऊवारीत, आडवी बसणारी. दोनदा प्रयत्न करून ती म्हणाली, "तू जा बाबा, मी एसटीनं येते." पहिल्या आर15 ला सलग सीट होती. 2011 च्या दुसऱ्या मॉडेलमध्ये ती दोन तुकड्यांत आली आणि मागचा भाग वर गेला. पुढे 2015 मध्ये कंपनीनं सलग सीटची आर15एस पुन्हा काढली, पण पोरांच्या स्वप्नात असते ती शेपूट वर केलेलीच. बाबांच्या आरएक्सवर मात्र आई, मी आणि हळदीचं पोतं, सगळे मावायचो. तेही नियमात बसत नव्हतंच म्हणा.

गंमत बघा, 1989 च्या केंद्रीय मोटार वाहन नियमांत मागे बसणाऱ्याचा विचार आहे. त्याला धरायला काहीतरी हवं, पाय ठेवायला जागा हवी, कपडे चाकात जाऊ नयेत म्हणून आडोसा हवा. कायद्याला जो आठवला, तो आपल्याला शोरूममध्ये आठवत नाही.

जुनी गाडी रस्त्यावरच्या मागच्याला विसरते, नवी सीटवरच्या मागच्याला. आणि आपण दोघींची तुलना करतो ती कायम पुढच्या सीटवर बसून. पिकअप किती, आवाज कसा, मला कसं वाटतं. "चांगली" हा शब्द आपण उच्चारतो तेव्हा "माझ्यासाठी" हा शब्द गिळलेला असतो. एखादी वस्तू चांगली आहे का, हे वापरणाऱ्याला विचारून अर्धंच कळतं. उरलेलं अर्धं मागच्याला विचारावं लागतं. आणि तो बहुतेक वेळा आजीसारखा गप्प असतो, कारण त्याचं आपल्यावर प्रेम असतं, किंवा त्याला कुणी विचारलेलंच नसतं.

मराठीत मागचे म्हणजे गेलेलेही आणि मागून येणारेही. बाबांची आठवण जपायची, तर ती आजीच्या आणि उद्याच्या पोरांच्या छातीवर जपायची का?

गाडी मी विकली नाही. विकली असती तरी धूर बंद झाला नसता, फक्त दुसऱ्याच्या आजीकडे गेला असता. आता रोजच्या कामाला एसटी किंवा भावाची गाडी. आरएक्स महिन्यातून एकदा काढतो. गल्लीतून ढकलत नेतो आणि गाव संपल्यावर किक मारतो. पोरं हसतात, "बंद पडली का रे?"

हे उत्तर नाही, मला कळतं. गावाबाहेरही कुणीतरी मागे असतंच. पण आता किक मारण्याआधी मी एकदा वळून बघतो.