शिवणीतली माया

पोट भरण्यासाठी एखादा धंदा शिकवणाऱ्याला गुरू म्हणावे काय, आणि म्हणावे तर कोणत्या अर्थाने, हा प्रश्न समर्थ रामदासांनी दासबोधाच्या पाचव्या दशकात, गुरुलक्षणांच्या समासात, निकालात काढला आहे असे वरवर वाटते. तेथे त्यांनी गुरूंची लांबलचक यादी दिली असून तीत मंत्र देणारे आहेत, ज्या जातीचा जो व्यवसाय तो उपजीविकेसाठी शिकवणारे आहेत आणि शेवटी आईवडीलही आहेत. या सर्वांचे गुरुपद समर्थ मान्य करतात आणि त्याच दमात सद्गुरुपद नाकारतात. सद्गुरू म्हणजे अविद्या, अर्थात स्वतःच्या खऱ्या स्वरूपाविषयीचे अज्ञान, घालवून शिष्याला पैलतीराला नेणारा, असा त्यांचा निकष आहे. रामदासांचा जन्म १६०८ साली ज्या जांब गावी झाला ते गाव आज जालना जिल्ह्याच्या घनसावंगी तालुक्यात आहे. आणि त्याच जिल्ह्याच्या मुख्य शहरात, कुंडलिकेच्या काठी आनंदी स्वामींच्या मंदिरासाठी ओळखल्या जाणाऱ्या जुना जालन्यासारख्या वस्तीत, घराच्या पुढच्या खोलीत दोन-चार पायमशिनी मांडून शिवणक्लास चालवणारी बाई ही समर्थांच्या यादीतील कितव्या पायरीवर बसते, हे तपासून पाहण्याजोगे आहे.

मुंडकोपनिषदाने विद्येचे दोन भाग केले: परा, म्हणजे जिच्यामुळे अक्षरब्रह्म कळते ती, आणि अपरा, म्हणजे उरलेली सगळी. या उरलेल्यांत उपनिषदाने चारही वेद आणि व्याकरण, निरुक्त, ज्योतिष आदी सहा वेदांगे घातली आहेत, याकडे सहसा दुर्लक्ष होते. म्हणजे ही मोजपट्टी प्रामाणिकपणे लावायची तर वैयाकरण आणि शिंपी एकाच बाकावर बसतात, आणि कामसूत्रातील चौसष्ट कलांच्या यादीत सुईकामाला मिळालेली जागा पाहता शिंप्याला त्या बाकावर अवघडून बसण्याचेही कारण नाही. शास्त्री पंडितांनी हे कधी मोकळेपणाने कबूल केले नाही, ही गोष्ट वेगळी.

मराठी संतपरंपरेत या प्रश्नाचे मूर्तिमंत रूप म्हणजे नामदेव. इ.स. १२७० मध्ये शिंपी कुळात जन्मलेल्या आणि आजच्या हिंगोली जिल्ह्यातील नर्सी या गावाशी नाव जोडल्या गेलेल्या या संताची ६१ पदे शिखांच्या गुरू ग्रंथसाहिबात आहेत, आणि त्यांपैकी एका प्रसिद्ध पदात मन हा गज, जीभ ही कात्री आणि या दोहोंनी मापून कापायचा तो यमाचा फास, असे रूपक त्यांनी योजले आहे. धंद्याची हत्यारे भक्तीच्या भाषेत इतक्या सहजपणे येतात ती ज्याच्या हातात ती रोज खेळली आहेत त्याच्याकडूनच. तरीही परंपरेने औंढा नागनाथच्या विसोबा खेचरांचे नाव नामदेवांचे गुरू म्हणून जपले. सुईत दोरा ओवायला त्यांना कोणी शिकवले, हे विचारण्याची गरज कोणाला भासली नाही, कारण ते घरातच मिळायचे. रामदासांच्या यादीतही व्यवसाय आहे तो त्या त्या जातीचा.

शिवणक्लासाने नेमका हाच धागा उसवला. पुण्यात १९०९ साली रमाबाई रानडे यांनी उभ्या केलेल्या सेवासदनासारख्या संस्थांनी विधवा आणि परित्यक्ता स्त्रियांना शिवण शिकवायला घेतले तेव्हा कुळाबरोबर येणारा धंदा कुळाबाहेरच्या हातांत पडला, आणि जे घरात न सांगता उतरत असे ते आता कोणीतरी सांगून, दाखवून, चुकू देऊन शिकवणे भाग पडले. गुरूचा प्रश्न खऱ्या अर्थाने तेथे उपस्थित होतो.

हे शिकवणे शब्दांनी फारसे होत नाही. इंग्रज तत्त्वज्ञ गिल्बर्ट राइल यांनी १९४९ साली ‘अमुक असे आहे हे ठाऊक असणे’ आणि ‘अमुक कसे करावे हे येणे’ यांत जो भेद केला, तो शिवणक्लासात पहिल्याच दिवशी दिसतो. नवशिकी मुलगी पायडलवर पाय ठेवते तेव्हा चाक उलटे फिरते आणि दोरा गुंततो. म्हणून आधी दोरा न ओवता वहीच्या कागदावरील रेघांवरून सुई चालवायची, कागदाला पडलेली भोके रेघेवर आहेत की नाहीत ते उजेडात धरून पाहायचे, आणि मग वर्तमानपत्रावर ब्लाऊजचे कटिंग काढायचे. पुढचा मुंढा, म्हणजे बाही जोडण्याची गोलाई, मागच्या मुंढ्यापेक्षा खोल कापावा लागतो, नाहीतर काखेपाशी चुण्या पडतात. हा नियम एका वाक्यात सांगता येतो, पण किती खोल हे समोरच्या बाईचे खांदे पाहून ठरते, आणि ते पाहणे शिकवणारीच्या डोळ्यांतून शिकणारीच्या डोळ्यांत कसे उतरते याचे उत्तर कोणत्याही पुस्तकात नाही. सद्गुरूंविषयी परंपरा जे गूढ म्हणून सांगते त्याचा एक साधा, घरगुती नमुना येथे रोज दुपारी पाहायला मिळतो.

विद्या दिल्याने वाढते, असे सुभाषितकार सांगतात. ब्रह्मज्ञानाच्या बाबतीत ते खरे असेल. शिवणाच्या बाबतीत ते अर्धेच खरे आहे, कारण विद्या घटत नसली तरी गिऱ्हाईक घटते. क्लासातून बाहेर पडलेली मुलगी सहा महिन्यांत त्याच गल्लीत मशीन टाकते, आणि लग्नसराईतील फॉल-पिकोची आणि अस्तराच्या ब्लाऊजची कामे दोन दारांत वाटली जातात. गीतेच्या सतराव्या अध्यायात सात्त्विक दानाची खूण अशी दिली आहे की ते परतफेड न करू शकणाऱ्याला द्यावे. शिवणक्लासात फी घेतली जाते, तेव्हा त्या शुद्ध अर्थाने हे दान नव्हे. पण ब्रह्मज्ञान देणाऱ्याला शिष्यामुळे उपाशी राहण्याचे भय नसते, आणि धंदा शिकवणारीला ते असते. हा फरक समर्थांच्या यादीत धरलेला नाही. म्हणूनच कसबी कारागिरांत हातचे राखून शिकवण्याची रीत पडली, आणि तिला नुसता कद्रूपणा म्हणणे अन्यायाचे होईल. जी बाई हे भय ठाऊक असूनही कटोरीचे कटिंग शेवटच्या टाचणीपर्यंत उलगडून दाखवते, तिच्या त्या दुपारच्या कृतीला वैराग्य हा शब्द लावण्यास हरकत नसावी. दासबोधातच अन्यत्र समर्थ म्हणतात की आपल्याला जे ठाऊक आहे ते हळूहळू लोकांना शिकवावे. तेथे त्यांनी पोटाची विद्या वगळलेली नाही.

शिवणकामात शिवणीच्या आत जे जादा कापड राखून ठेवतात त्याला मराठीत माया म्हणतात. वेदान्तात माया म्हणजे सत्यावरचा पडदा, घरात माया म्हणजे जीव लावणे, आणि शिंप्याच्या टेबलावर माया म्हणजे अंग भरले तर उसवून सैल करता यावे म्हणून सोडलेले दोन बोटे कापड. तिन्ही ठिकाणी ती वरून दिसत नाही, एवढेच साम्य म्हणावे तर पुरेसे नाही, कारण तिसरी माया बांधत नाही, वाढायला जागा देते. काटकसरीने शिकलेली मुलगी सुरुवातीला कापड वाचवण्यासाठी नेमकी हीच जागा कापून टाकते. क्लासातील बाई म्हणूनच शिवून आणलेला ब्लाऊज हातात आल्याबरोबर आधी उलटा करतात, आणि गळ्याची गोलाई, बाहीची चुणी हे सगळे नंतरसाठी ठेवून बगलेतली शिवण दोन बोटांत धरून चाचपतात.