आरशांच्या खोलीत मी कोणाला पाहिलं?

आजचे वाचन : चांगदेव पासष्टी

आज सकाळी पासष्टी वाचताना आरशाच्या दृष्टांतापाशी थांबले. आरसा समोर असो वा नसो, मुख आपल्या जागी असतंच. वाचता वाचता लॉस एंजेलिसमधली एक खोली आठवली.

लेकीकडे गेले होते तेव्हा ती मला ‘द ब्रॉड’ संग्रहालयात घेऊन गेली. तिथे जपानी कलावंत यायोई कुसामा यांची २०१३ सालची कलाकृती आहे. कलाकृती म्हणजे चक्क एक खोली! भिंतींना आरसे, खाली पाणी, मधे उभं राहण्यापुरती जागा आणि वरून लोंबणारे बारीक एलईडी दिवे. आरशासमोर आरसा आला की दिव्यांची रांग संपतच नाही. प्रत्येक प्रतिबिंबात थोडा प्रकाश कमी होतो, म्हणून लांबचे दिवे मंद दिसतात. जणू आपण ताऱ्यांमध्येच उभे आहोत.

आत जेमतेम मिनिटभर थांबू देतात. दार लागलं आणि मी काय केलं? फोन काढला. पदर सारखा केला, फोटो काढला, तो हलला, पुन्हा काढला. तेवढ्यात वेळ संपली. बाहेर आल्यावर लेकीने विचारलं, “आई, कसं वाटलं गं?” मी म्हटलं, “थांब, फोटो बघते.”

फोटोत काय होतं? माझ्या फोनचा उजेड, प्रत्येक आरशात! लेकीच्या वाट्याचा अंधारही मी घालवला होता.

कुसामांचा जन्म १९२९ चा. लहानपणी त्यांना भास होत. ठिपके, फुलं सगळीकडे पसरत आणि त्यांनाही झाकून टाकत. त्या भीतीतूनच त्यांची कला आली. १९६५ मध्ये न्यूयॉर्कमध्ये त्यांनी पहिली आरशांची खोली केली. ‘स्व’चं विलोपन, म्हणजे ‘मी’ पुसला जाणं, हा त्यांच्या कलेचा ध्यास.

मग फोटो काढणं पाप आहे का? नाही हो. आठवण जपावी असं कुणालाही वाटतं. पण जिथे ‘मी’ विरघळायचा, तिथेही मी ‘मी’लाच शोधत होते. यात आरशाचा काय दोष? जो समोर येईल त्याला तो दाखवणारच.

खरं सांगू? देवघरातही माझं हेच होतं. आज जप किती झाला, भजनात आवाज कसा लागला, कोणी ऐकलं का. विठ्ठल समोर असतो आणि मी मात्र स्वतःलाच न्याहाळत बसते. शिवाय हा ‘मी’ माझ्यापुरता कुठे राहतो? फोनच्या उजेडासारखा तो शेजारच्याच्या शांततेतही पसरतो.

आजचा संकल्प : दिवसातलं एक मिनिट असं, की ज्याची नोंद ठेवायची नाही आणि जे कोणाला सांगायचंही नाही. फक्त पाहायचं.

पांडुरंगा, माझ्या हातातला हा छोटा उजेड तेवढा वेळ तरी विझव. तुझे दिवे लागलेलेच आहेत.

राम कृष्ण हरी.