जपायचं, पण कुणाच्या खर्चानं?

चारठाण्यात एके काळी 360 देवळं होती, असं गावात कुणीही सांगतं. मोजली कुणी नसावीत. पण परभणी जिल्ह्याच्या जिंतूर तालुक्यातल्या या गावात आज जे उभं आहे ते पाहिलं की आकड्यावरून वाद घालावासा वाटत नाही. गोकुळेश्वराचं देऊळ, देवकोष्ठांनी भरलेली तिथली बारव, नक्षीनं मढलेला उंच दगडी मानस्तंभ, घरांच्या गर्दीत शिरलेली आणखी काही देवळं. या सगळ्याला सरसकट हेमाडपंती म्हणून टाकायची आपली जुनी खोड आहे. ज्याच्या नावावर ही शैली खपवतात तो हेमाद्री तेराव्या शतकाच्या उत्तरार्धातला, आणि मराठवाड्यातली अशी कितीतरी देवळं त्याच्या जन्माआधीची. असो.

ही देवळं कुंपणाच्या आत, हिरवळीवर मांडलेली नाहीत. गाव त्यांच्यातच राहतं. जुन्या गावठाणात हे असंच असतं: देवळाच्या ओट्याला लागून कुणाची भिंत, भिंतीपलीकडे गोठा, गोठ्यावर कडबा. माळवदाचं घर दर पावसाळ्यात गळतं, वर नवी माती टाकणारी माणसं आता मिळत नाहीत, आणि पोराचं लग्न ठरतंय तर घरावर स्लॅब पडलेला हवा. हा माणूस विकासवाला नाही आणि वारसाविरोधकही नाही. त्याला कोरडं घर हवं आहे. वारसा वाचवण्यावरच्या आपल्या बहुतेक चर्चा या माणसाला वगळून होतात, आणि म्हणूनच त्या फसतात असं माझं मत आहे. विकास आणि जतन यांचा समतोल साधावा, असं प्रत्येक परिसंवादात ठरतं. जपण्याचा खर्च कुणी सोसायचा, हे कुठल्याच परिसंवादात ठरत नाही.

कायदा काय सांगतो ते पाहू. केंद्राच्या 1958च्या कायद्यात 2010 साली दुरुस्ती झाली. तेव्हापासून केंद्र संरक्षित स्मारकापासून 100 मीटरपर्यंत नवं बांधकाम बंद आणि त्यापुढच्या 200 मीटरमध्ये परवानगीनं. राज्य संरक्षित स्मारकांसाठी 1960चा महाराष्ट्राचा वेगळा कायदा आहे, त्याला हे वर्तुळ आपोआप लागू होत नाही. हे कळलं की वारसाप्रेमी मंडळी हळहळतात. मी नाही हळहळत. चारठाण्याच्या नकाशावर प्रत्येक देवळाभोवती 100 मीटरचं वर्तुळ काढून पाहा. वर्तुळं एकमेकांत मिसळतील आणि जुनं गाव जवळजवळ सगळं आत जाईल. मग स्लॅब कुणी टाकायचा नाही, संडास कुणी बांधायचा नाही, घरकुलाचा हप्ता आला तरी पाया खणायचा नाही. माणसं मुकाट्यानं रात्रीत बांधतील, आणि खणताना मूर्ती लागली तर सांगण्याऐवजी पुन्हा बुजवतील. इतकं कडक संरक्षण गावाला देवळाचं वैरी करून ठेवतं.

मुंबईनं यावर एक तोड काढली. 1991च्या विकास नियंत्रण नियमावलीत हस्तांतरणीय विकास हक्क, म्हणजे सगळ्यांच्या तोंडी असलेला टीडीआर, आला. 1995 साली वारसा इमारतींसाठी स्वतंत्र नियम आले, आणि वाडा पाडू दिला नाही तर त्या बदल्यात मालकाला टीडीआर मिळण्याची सोय झाली. त्यानं तो बिल्डरला विकावा, बिल्डरनं उपनगरात दोन मजले जास्त चढवावेत. कल्पना चलाख आहे, पण ती उभी आहे मुंबईच्या जमिनीच्या भावावर. जिंतुरात टीडीआर घेणार कोण? जिथं मंजूर आहे तेवढाही एफएसआय, म्हणजे चटईक्षेत्र निर्देशांक, कुणी वापरत नाही, तिथं जादा चटईक्षेत्राला गिऱ्हाईक नसतं. डिसेंबर 2020मध्ये मुंबईसारखी काही क्षेत्रं सोडून राज्यभरासाठी एकच नियमावली आली. तिच्यात वारसा आहे, टीडीआर आहे, सगळं आहे. कागद सगळीकडे सारखा. भाव सारखा नाही, आणि टीडीआरची सोय भावावर चालते.

चारठाण्याहून वालूरला या. सेलू तालुक्यातलं हे गाव तिथल्या गोल बारवेसाठी आता महाराष्ट्रभर माहीत झालं आहे. एरवी बारवेचा जिना सरळ पाण्याकडे उतरतो. इथं पायऱ्या भिंतीला धरून भोवऱ्यासारख्या फिरत खाली जातात. काठावरून पाहणाऱ्याची नजरसुद्धा त्या पायऱ्यांबरोबर फिरते. ही बारव गाळानं आणि कचऱ्यानं भरलेली होती. गावकऱ्यांनी ती उपसली. महाराष्ट्र बारव मोहीम चालवणाऱ्या रोहन काळे यांच्यासारख्या माणसांनी अशा बारवांच्या नोंदी केल्या, नकाशे केले, महाशिवरात्रीला बारवांत दिवे लावायची रीत पाडली. हे काम मोठं आहे.

याच जिल्ह्यात 2016च्या उन्हाळ्यात पाण्याच्या ठिकाणांभोवती जमावबंदीचं 144 कलम लावावं लागलं होतं. लातूरला पाणी नेणाऱ्या रेल्वेची बातमी देशभर गेली, परभणीची कमी गेली. एकीकडे टँकरभोवती पोलीस आणि दुसरीकडे शेकडो वर्षांच्या बारवा कचऱ्यानं बुजलेल्या. बारव उपसली असती तर टंचाई टळली असती, असा भाबडा हिशोब मी मांडणार नाही. पण बारव बुजली ती गावाला तिची गरज उरली नाही म्हणून, आणि गरज उरली नाही ती नळ आला म्हणून. 1968 साली पूर्ण झालेल्या येलदरी धरणाचं पाणी परभणी शहरात नळानं येतं. ते येऊ नये असं कोण म्हणेल? घागरी घेऊन पायऱ्या उतरणाऱ्या बायकांचे गुडघे ज्यानं पाहिले आहेत तो तरी म्हणणार नाही. बारवेचं काम नळानं घेतलं हे चांगलंच झालं. तिची देखभाल मात्र कुणाकडेच गेली नाही. पूर्वी पाण्यासाठी उतरणारं गावच तिचा गाळ काढायचं. नळाच्या पाणीपट्टीत बारवेचा गाळ धरलेला नसतो.

शहरातली मोकळी जागा याच वाटेनं गेली. परभणीची महानगरपालिका 2011 साली झाली. त्याच वर्षीच्या जनगणनेत शहराची लोकसंख्या 3,07,170 भरली. जगात जर्मनी आणि भारतात परभणी, असं आम्ही अर्धं थट्टेनं आणि अर्धं खरं मानून म्हणतो. त्या थट्टेच्या अर्ध्यात शहराचं नियोजन येतं. चार दिशांना शहर वाढलं ते प्लॉटिंगनं. शेत विकत घ्यायचं, चुन्याच्या फक्क्या मारायच्या, सिमेंटचे खुंट रोवायचे, आणि एन.ए.ची, म्हणजे अकृषिक परवानगीची, वाट न पाहता नुसत्या बाँड पेपरवर प्लॉट विकायचे. घेणारा कोण? मोंढ्यातला हमाल, रिक्षावाला, खेड्यातून पोरांच्या शाळेसाठी आलेला अल्पभूधारक. रीतसर ले-आऊटमधला प्लॉट त्याच्या ऐपतीबाहेरचा असतो, आणि तो महाग असण्याचं एक कारण म्हणजे मोकळी जागा. 0.4 हेक्टर किंवा त्याहून मोठ्या जमिनीचा ले-आऊट केला की 10 टक्के जागा मोकळी सोडावी लागते. रस्त्याची जागा वेगळी. बाँडवरच्या प्लॉटला ही भानगड नाही, म्हणून तो स्वस्त. नंतर गुंठेवारीचा कायदा येतो. 2001 साली आला, 2021च्या दुरुस्तीनं त्याची मुदत 31 डिसेंबर 2020पर्यंत ओढली. दंड आणि विकास शुल्क भरा, नियमित व्हा. घरं नियमित होतात, ती व्हायलाही हवीत. कष्टाच्या पैशानं घेतलेल्या घरावर कुणी बुलडोझर फिरवू नये. पण सुटलेली 10 टक्के जागा मागाहून कुठून आणणार? शुल्क भरून मैदान तयार होत नाही.

आणि जिथं ती जागा सुटली, तिथंही पाहण्यासारखं असतं. आधी ओपन स्पेसच्या कोपऱ्यात एक छोटा ओटा होतो. ओट्यावर मारुतीराय येतात. पुढच्या वर्षी ऊन लागतं म्हणून पत्र्याचं शेड. मग आमदार किंवा खासदार निधीतून सामाजिक सभागृह, दर्शनी भागावर नावाची ठळक पाटी. उरलेल्या जागेत पाण्याची टाकी. पोरं रस्त्यावर क्रिकेट खेळतात आणि त्यांचा चेंडू सभागृहाच्या काचेला लागला म्हणून तक्रार होते. यातलं काहीच वाईट हेतूनं झालेलं नसतं. देवळाला जागा हवी, लग्नाला सभागृह हवं, टाकी तर हवीच. मोकळ्या जागेच्या बाजूनं बोलणारं तेवढं कुणी नसतं, कारण मोकळी जागा कुणाची मतपेढी नाही.

विकास आराखड्यातल्या आरक्षणाचं गणितही असंच. 1966च्या प्रादेशिक व नगररचना अधिनियमाप्रमाणे आराखड्यात बाग, क्रीडांगण, ऐतिहासिक स्थळं यांसाठी जागा दाखवता येते. नकाशावर हिरवा रंग भरायला पैसे लागत नाहीत. पण त्याच कायद्याच्या 127व्या कलमाप्रमाणे आराखडा लागू झाल्यापासून 10 वर्षांत जागा संपादित झाली नाही, तर मालक नोटीस देऊ शकतो. त्यानंतर 24 महिन्यांत संपादनाची पावलं उचलली नाहीत तर आरक्षण रद्द. हे कलम न्याय्य आहे. कुणाची जमीन नुसता रंग मारून जन्मभर अडकवून ठेवणं हीसुद्धा लूटच. मात्र कर्मचाऱ्यांचे पगार काढताना दमछाक होणाऱ्या नगरपालिकेला क्रीडांगण विकत घ्यायला पैसे कुठून येणार? पुण्या-मुंबईत टीडीआर देऊन ते भागतं. इथं तो रस्ता जवळजवळ बंद, म्हणून एकेक हिरवा तुकडा रहिवासी पिवळा होत जातो.

पैसा कधी येतो तेही आपण पाहिलं आहे. जानेवारी 2020मध्ये तेव्हाचे मुख्यमंत्री उद्धव ठाकरे यांनी पाथरीला साईबाबांचं जन्मस्थान म्हणून 100 कोटी रुपये जाहीर केले. शिर्डीकरांनी बंद पाळला, राज्यभर वाद पेटला, आणि जन्मस्थान कुठलं यावर आठवडाभर सगळे इतिहासकार झाले. पाथरीच्या बाजूनं मी तेव्हाही होतो. एका मागास तालुक्याला पैसा मिळत असेल तर का नको? पण तीर्थक्षेत्राच्या पैशाचा स्वभाव ओळखून असावं. त्याला वाहनतळ हवा, भक्तनिवास हवा, रुंद रस्ता हवा. ज्या अरुंद गल्ल्यांच्या जुन्या वस्तीत मंदिर आहे, तिच्यावरच रुंदीकरणाची पहिली रेघ पडते. म्हणजे बाबा जिथे लहानाचे मोठे झाले असं सांगायचं, ती गल्लीच पाडायची. पॅट्रिक गेडिस हा स्कॉटिश नगररचनाकार 1914 साली भारतात आला. पुढं त्यानं नागपूर, इंदूरसह कितीतरी शहरांचे अहवाल लिहिले आणि मुंबई विद्यापीठात समाजशास्त्र शिकवलं. जुन्या वस्तीतून सरळ रुंद रस्ता फाडत नेण्यावर त्याचा राग होता. पडायला आलेलं एखादं घर काढावं, तिथं छोटा चौक करावा, विहिरी आणि तळी बुजवू नयेत, असं तो सांगायचा. त्यात खर्च कमी आणि विस्थापनही कमी. शंभरेक वर्षं झाली. आमचे आराखडे अजून पट्टीनंच आखले जातात.

आता समृद्धी महामार्गाला जोडणारा जालना–नांदेड महामार्ग येतो आहे, सुमारे 180 किलोमीटरचा, त्याचा मोठा भाग परभणी जिल्ह्यातून. मोबदल्यावरून शेतकऱ्यांनी आंदोलनं केली. इंटरचेंज कुठं पडणार याची कुजबुज चहाच्या टपरीवर अधिसूचनेच्या आधी पोचते. अशा रस्त्याच्या आसपास भाव चढले की गायरान, पांदण, बारवेभोवतीची पडीक जागा, या सगळ्यावर डोळे जातात. आज त्यांना फारशी किंमत नाही, आणि म्हणून त्या जपायच्या असतील तर आजच स्वस्त आहेत.

ड्रोननं गावठाणांची मोजणी होऊन घरोघर मिळकत पत्रिका मिळत आहेत. त्याच मोजणीत बारव, तिचा काठ आणि तिथपर्यंतची वाट ग्रामपंचायतीच्या नावानं चढली तर पुढचे निम्मे वाद मिटतील. न चढली, तर शेजारच्या मिळकतीत दोन फूट आणि पलीकडच्या मिळकतीत चार फूट जाऊन ती नकाशावर नुसता ठिपका उरेल. गाळ काढायला रोजगार हमीसारखी दुसरी योजना नाही. दुष्काळात खडी फोडण्यात या राज्यानं किती मजुरी घातली, बारवेच्या पायऱ्या त्याहून टिकाऊ. आणि चारठाण्यातल्या त्या माळवदवाल्याला हवेत रोख पैसे. देवळालगत दुमजली बांधू नको, पाया खोल नेऊ नको, एवढ्या अटी त्याच्यावर घालायच्या असतील तर घरकुलाच्या रकमेवर अटींपोटी जादा अनुदान द्यावं, किंवा गावाच्या दुसऱ्या टोकाला त्याच्या पसंतीचा प्लॉट. तीर्थक्षेत्रासाठी शंभर कोटींचा आकडा तोंडातून निघू शकतो, तिथं एका गावातल्या मूठभर घरांचा हा खर्च सरकारला जड जाऊ नये. तोवर त्यानं स्लॅब टाकला, तर नोटीस घेऊन जाणाऱ्यानं आधी त्याच्या घरात एक पावसाळा काढावा.