काचेवरचा रस्ता

पोलादपूरहून महाबळेश्वरला जाणारा आंबेनळीचा घाट चढताना आषाढातले धुके गाडीच्या पुढच्या काचेला येऊन बिलगते, तेव्हा शहाणा चालक काय करतो? वेग कमी करतो. दिसत नाही म्हणून जपून जातो. न दिसण्याचा हा एक उपकारच म्हणायचा!

आता दिसण्याची सोय काचेतच होऊ लागली आहे. लढाऊ विमानांतली ही युक्ती 1988 साली अमेरिकेतल्या जनरल मोटर्सने मोटारीत आणली. वेगाचा आकडा काचेवरून असा परावर्तित होतो की तो पुढे, रस्त्यावरच तरंगत असल्यासारखा भासतो. चालकाला नजर खाली वळवावी लागत नाही. पण माणूस आकड्यापाशी थोडाच थांबणार! रस्त्याची कड, वळणाचा बाण, पुढच्या गाडीभोवती चौकट, हे सारे खऱ्या रस्त्यावर रेखाटून दाखवण्याची खटपट चालू आहे. 'मिश्र वास्तव' असे त्याचे भारदस्त नाव. (आमच्याकडे याला भास म्हणत, पण भासाला कोणी पैसे मोजत नसे.)

थट्टा पुरे. धुक्यातला ट्रक दोन क्षण आधी दिसला, तर भाऊबीजेला निघालेला एखादा भाऊ बहिणीच्या दारी सुखरूप पोचेल. या काचेला नाक मुरडण्याचा मला अधिकार नाही.

मला छळतो तो प्रश्न निराळा आहे. काच काही गोष्टी कॅमेऱ्याने प्रत्यक्ष पाहून सांगते, काही नुसत्या नकाशावरून. दोन्हींची रेघ मात्र सारखीच तेजस्वी! 2 ऑगस्ट 2016 च्या रात्री महाडजवळ सावित्रीवरचा ब्रिटिश अमदानीतला पूल पुरात कोसळला आणि दोन एस. टी. गाड्या माणसांसकट नदीत गेल्या. त्या घटकेला नकाशात पूल शाबूत होता. नकाशावर विसंबलेल्या काचेने तो अंधारावर सुबक रेखून दिला असता. पुलाजवळच्या गॅरेजातल्या एका माणसाने पूल गेलेला ओळखला आणि मागच्या गाड्या थांबवल्या. त्याने जे पाहिले तेच सांगितले.

न पाहता 'पूल आहे' असे छातीठोक सांगणाऱ्या माणसाला आपण बेजबाबदार म्हणतो. मग तशी काच घडवणाऱ्याला काय म्हणावे? जिथे दिसत नाही तिथला अंधार तिने अंधारच ठेवावा, एवढेच माझे मागणे. पण 'मला दिसत नाही' असे कबूल करणारी काच विकायला कोण ठेवील? दुकानदार गाडी दाखवतो ती लख्ख उन्हात, सपाट सडकेवर. मी त्याला म्हणणार आहे, 'जुलैत एकदा आंबेनळीला चला.'